प्रतिज्ञा रोज व्हावी, पण कुणाच्या तोंडून वदवून घेऊ नये

ताई, तुमचा प्रश्न मला कळला तो असा. मुलगा सातवीत आहे, शाळा सिंहगड रस्त्यावर. परिपाठाला तो रांगेत नीट उभा राहतो, राष्ट्रगीत म्हणतो, पण गेले काही आठवडे प्रतिज्ञेला तोंड मिटून उभा असतो. वर्गशिक्षिकांनी आधी डायरीत शेरा लिहिला, नंतर 'आता रोज पुढे येऊन माइकवर तूच प्रतिज्ञा सांगायची' अशी शिक्षा केली. घरी खोदून विचारल्यावर तो म्हणाला, "सारे भारतीय माझे बांधव म्हणायचं आणि मधल्या सुट्टीत त्या बिहारच्या मुलाला भय्या भय्या करून रडवायचं. मला नाही म्हणायची." मुलाचे बाबा म्हणतात की शाळेचा नियम तो नियम. तुम्हाला ते पटत नाही. शाळा अशी सक्ती करू शकते का, आणि करावी का, असं तुम्ही विचारलंय.

मी पुण्यातल्या एका अनुदानित शाळेत आधी शिक्षिका होते, नंतर मुख्याध्यापिका झाले. परिपाठ बसवणं, मुलांना माइकवर उभं करणं, पावसाळ्यात मैदान ओलं असलं की वर्गावर्गात स्पीकर लावून तो घेणं, ही कामं बरीच वर्षं माझ्याकडे होती. त्यामुळे हा विषय मला पुस्तकातला वाटत नाही. माझं उत्तर आधीच सांगते. शाळेने प्रतिज्ञा रोज घ्यावी, तिचा अर्थ मन लावून शिकवावा, त्या वेळी सगळ्यांनी शांत आणि सावधान उभं राहावं असा आग्रहही धरावा. मात्र एखादं मूल ती म्हणत नसेल तर त्याला शिक्षा करू नये. कारण विचारावं, आणि ते ऐकून घ्यावं.

आता कायद्याचं. मी वकील नाही, पण मुख्याध्यापकाच्या खुर्चीत बसलं की एवढं तरी माहीत करून घ्यावंच लागतं. परिपाठात काय काय घ्यायचं हे शासन शाळांना सांगू शकतं आणि सांगतं. संविधानाच्या उद्देशिकेचं वाचन २०२० च्या प्रजासत्ताक दिनापासून आपल्याकडच्या शाळांत ठेवलं गेलं, २०२३ मध्ये राज्यगीत आलं, ते याच वाटेने. हे बंधन शाळेवर आहे. शाळेवर बंधन असणं आणि मुलाच्या जिभेवर बंधन असणं यांत फरक आहे, आणि तुमच्या प्रश्नात नेमकी याचीच गल्लत होते आहे. राष्ट्रीय प्रतीकांच्या अवमानाविरुद्धचा १९७१ चा कायदा राष्ट्रध्वज, संविधान आणि राष्ट्रगीत यांच्याबद्दल आहे. त्यात प्रतिज्ञेचा उल्लेख नाही. राष्ट्रगीताबाबतसुद्धा गुन्हा आहे तो दुसऱ्याला म्हणू न देण्याचा किंवा गोंधळ घालण्याचा. गप्प उभं राहणं हा गुन्हा नाही. संविधानातल्या मूलभूत कर्तव्यांत, म्हणजे अनुच्छेद ५१ क मध्ये, ध्वजाचा आणि राष्ट्रगीताचा आदर राखायला सांगितलंय. तिथेही प्रतिज्ञा नाही.

याबाबतीतला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १९८६ चा आहे, केरळमधल्या तीन भावंडांचा. दहावी, नववी आणि पाचवीत शिकणारी ही मुलं यहोवाज विटनेसेस या ख्रिस्ती पंथाची होती. राष्ट्रगीताला ती आदराने उभी राहत, पण आपल्या श्रद्धेत बसत नाही म्हणून गात नसत. बरीच वर्षं कुणाचं काही म्हणणं नव्हतं. १९८५ च्या जुलैत एका आमदाराच्या नजरेस ते आलं, विधानसभेत विषय निघाला, चौकशी झाली. मुलं सरळमार्गी आहेत, त्यांच्याकडून राष्ट्रगीताचा अनादर झालेला नाही असा अहवाल आला, तरी त्यांना शाळेतून काढून टाकलं. उच्च न्यायालयात त्यांना दाद मिळाली नाही. सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती ओ. चिन्नप्पा रेड्डी आणि न्यायमूर्ती एम. एम. दत्त यांनी मुलांच्या बाजूने निकाल दिला. राष्ट्रगीत गायलाच हवं असा कोणताही कायदा नाही, आदराने उभं राहिलं की आदर झाला, आणि खात्याच्या परिपत्रकाच्या जोरावर नागरिकाचं अभिव्यक्तीचं किंवा सदसद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य काढून घेता येत नाही, असं त्यांनी म्हटलं. आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर नाशिकच्या एका शिक्षकाचं आहे. शाळेच्या प्रार्थनेच्या वेळी हात जोडायला ते तयार नव्हते. २०१३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने, अशी सक्ती करता येणार नाही, असंच सांगितलं.

तुमच्या मुलाचं कारण धार्मिक नाही आणि केरळचा निकाल राष्ट्रगीताचा आहे, प्रतिज्ञेचा नाही. म्हणून 'हा निकाल दाखवा, काम झालं' असं मी म्हणणार नाही. पण जे राष्ट्रगीताच्या बाबतीत चालत नाही ते प्रतिज्ञेच्या बाबतीत कसं चालेल, हा युक्तिवाद मला तरी भक्कम वाटतो. शिवाय शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शाळेत शारीरिक शिक्षेला आणि मानसिक त्रासाला बंदी केली आहे. रोज सगळ्या शाळेसमोर एका मुलाला त्याच्या मनाविरुद्ध उभं करणं हे त्यातच येतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

शाळेने सक्ती करावी का, हा तुमचा दुसरा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. त्यासाठी आधी ही प्रतिज्ञा म्हणते काय, ते नीट पाहू.

ती लिहिली पैडिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी, १९६२ मध्ये, तेलुगूत. ते विशाखापट्टणमला जिल्हा कोषागार अधिकारी होते आणि लेखकही होते. पुढच्या वर्षी ती तिथल्या एका शाळेत म्हटली गेली. १९६४ मध्ये बंगळूरला केंद्रीय शिक्षण सल्लागार मंडळाची बैठक झाली. अध्यक्ष होते त्या वेळचे केंद्रीय शिक्षणमंत्री एम. सी. छागला, आपल्या मुंबई उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायमूर्ती. देशभरच्या शाळांतून प्रतिज्ञा म्हटली जावी असं त्या बैठकीत ठरलं आणि २६ जानेवारी १९६५ पासून ती सुरू झाली. आपल्या सेनापती बापट रस्त्यावरच्या बालभारतीची पुस्तकं ज्यांनी हाताळली आहेत त्यांना ती सुरुवातीच्या पानांवर भेटलेली आहे.

या प्रतिज्ञेत सरकार नाही, झेंडा नाही, देवाचं नाव नाही, शत्रूही नाही. आहेत ती माणसं. बांधव, पालक, गुरुजन, वडीलधारी माणसं, 'प्रत्येकाशी सौजन्याने वागेन' मधला प्रत्येक जण, आणि शेवटी देशबांधवांचं कल्याण. सुरुवातीची तीन वाक्यं देशाशी आणि लोकांशी आपलं नातं सांगतात. पुढे आपण शब्द देतो: प्रयत्न करीन, मान ठेवीन, वागेन. म्हणजे एका मुलाने इतर माणसांना दिलेला हा शब्द आहे. आपण लहान मुलाला दंडाला धरून 'सॉरी म्हण' म्हणतो, ते म्हणतंही, आणि ज्याच्यासाठी म्हणायचं त्यालाही कळतं की ही माफी नव्हे. धाक दाखवून घेतलेल्या वचनाचं तसंच आहे. ऐकणाऱ्याला त्यातून काही मिळत नाही, आणि बोलणाऱ्याला एवढंच कळतं की मनात नसलेलं मोठ्या आवाजात म्हटलं की सुटका होते. शाळेने मुलाला शिकवू नये अशा गोष्टींची यादी केली तर ही मी सर्वात वर ठेवीन.

तुमच्या मुलाच्या बाबांचं म्हणणं मी उडवून लावत नाही. शाळेत सगळ्यांनी मिळून काही करण्याला मोल असतं. वेगवेगळ्या घरांतून, जातींतून, भाषांतून आलेली मुलं सकाळी एका सुरात एक गोष्ट म्हणतात, त्यातून आपण एकत्र आहोत ही जाणीव हळूहळू मुरते. पहिली-दुसरीतल्या मुलाला तर 'तुला पटतं का' असं विचारण्यात अर्थच नाही. तो पाढे म्हणतो, श्लोक म्हणतो, तशी प्रतिज्ञाही म्हणतो, आणि अर्थ मागाहून येतो. त्या वयात सक्तीचा प्रश्न सहसा उठतही नाही, कारण एकत्र मोठ्याने म्हणण्यातच त्यांना आनंद असतो. अकरा-बारा वर्षांनंतर मात्र मूल शब्द आणि वागणं ताडून बघायला लागतं. शाळेत आपण त्याला तेच तर शिकवत असतो. ते शिकून त्याने पहिलाच प्रश्न आपल्याला विचारला, तर त्याला गप्प करायचं नाही.

'एकाला सूट दिली की उद्या सगळेच गप्प बसतील' ही भीती मी स्टाफरूममध्ये पुष्कळदा ऐकली आहे. माझा अनुभव तसा नाही. आम्ही 'म्हणायचं नसेल त्याने शांत उभं राहावं' असं ठरवलं, तेव्हाही मैदानावरचा आवाज कमी झाला नाही. जी मुलं गप्प राहिली ती मोजकी होती, आणि प्रत्येकाचं कारण वेगळं निघालं.

त्यातली एक मुलगी माझ्या कायमची लक्षात राहिली. पाचवीत होती, वडील जवळच्याच सोसायटीत वॉचमन, कुटुंब नेपाळचं. पुण्यात अशी कितीतरी मुलं मराठी शाळांत शिकतात आणि छान मराठी बोलतात. ती प्रतिज्ञेला हात पुढे करायची नाही, खाली बघत राहायची. बाईंना वाटलं आळस करते. मी जवळ बसवून विचारलं तेव्हा हळूच म्हणाली, "बाई, आमचा देश नेपाळ आहे. मी भारत माझा देश आहे म्हटलं तर खोटं होईल ना?" काय उत्तर देणार? खरंच खोटं झालं असतं. मी तिला म्हटलं, तू उभी राहा, आणि जी वाक्यं तुझी वाटतील ती म्हण. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम तिच्या रांगेजवळ उभी राहिले. सुरुवातीची वाक्यं तिने जाऊ दिली. 'मी माझ्या पालकांचा' आलं, तसा तिचा हात वर आला आणि त्या वाक्यापुरता तिचा आवाज आजूबाजूच्या सगळ्यांपेक्षा मोठा होता. तिला दटावून पूर्ण प्रतिज्ञा म्हणायला लावली असती तर आम्ही भारताचा कोणता मान राखला असता?

आणखी एक मुलगा अडखळत बोलायचा. वर्गात निभत होतं, पण एका लयीत चाललेल्या प्रतिज्ञेत त्याचा एखादा शब्द अडकला की पुढचं सगळं निसटायचं आणि शेजारची मुलं हसायची, म्हणून त्याने ओठ हलवणंच सोडलं. त्याच्या बाबतीत देशाचा, श्रद्धेचा काही संबंध नव्हता. त्याला माइकवर उभं करण्याची शिक्षा झाली असती तर केवढा घात झाला असता! म्हणून मी शिक्षकांना सांगत असे की गप्प मूल दिसलं की आधी कारण शोधा. कारण कळेपर्यंत त्याला उद्धट म्हणू नका. सगळी कारणं उदात्त असतात असंही नाही. एखादा नुसता कंटाळलेला असतो, एखादा मागच्या रांगेत खोड्या काढत असतो. खोड्या काढणाऱ्याला जरूर थांबवा. बाकीच्यांच्या प्रतिज्ञेत व्यत्यय आणायचा हक्क कुणालाच नाही.

माइकवरच्या शिक्षेबद्दल मला वेगळं म्हणायचंय, कारण ही पद्धत अनेक शाळांत आहे आणि ती फार वाईट आहे. प्रतिज्ञा सांगायला पुढे येणं हा मान असतो. आमच्याकडे त्यासाठी वर्गवार पाळी असायची आणि मुलं पाळीची वाट बघायची. तीच गोष्ट शिक्षा म्हणून दिली की प्रतिज्ञा दंड झाली. ज्या शिक्षकांना प्रतिज्ञेबद्दल मनापासून आदर आहे त्यांनी तरी हे करू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

अमेरिकेचा दाखला इथे द्यावासा वाटतो, कारण हा वाद तिथे फार तीव्र झाला. १९४० मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मतांनी सांगितलं, की शाळा ध्वजवंदनाची सक्ती करू शकते. तीनच वर्षांनी, ऐन दुसऱ्या महायुद्धात, वेस्ट व्हर्जिनियातल्या खटल्यात त्याच न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी आपला निकाल फिरवला. मुलांना ध्वजवंदनाची आणि प्रतिज्ञेची सक्ती करता येत नाही, असं म्हटलं. लाखो सैनिक रणांगणावर असताना एखाद्या देशाने हे म्हणणं सोपं नव्हतं. तिथल्या शाळांतून प्रतिज्ञा त्यामुळे बंद पडली नाही, आजही ती म्हटली जाते.

सक्ती नाही तर मग करायचं काय? शिकवायचं. रोज म्हटली जाणारी ही प्रतिज्ञा शाळांत जवळजवळ कुणी शिकवतच नाही, याचं मला फार वाईट वाटतं. आम्ही एक साधा प्रकार करत असू. आठवड्यातून एखादा ऑफ तास मिळाला की प्रतिज्ञेतलं एकच वाक्य फळ्यावर लिहायचं आणि विचारायचं, काल दिवसभरात हे वाक्य कुठे खरं झालं आणि कुठे मोडलं? 'प्रत्येकाशी सौजन्याने वागेन' हे वाक्य घेतलं त्या दिवशी आठवीतली एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, पाण्याच्या टाकीजवळ झाडणाऱ्या मावशींचं नाव आपल्याला कुणालाच माहीत नाही." वर्ग गप्प झाला. मलाही माहीत नव्हतं. तास संपल्यावर चार मुली जाऊन नाव विचारून आल्या, आणि त्या दिवसापासून आमच्या शाळेत मावशींना नाव मिळालं. 'विविधतेने नटलेल्या परंपरांचा अभिमान' या वाक्यावर मुलांनी आपापल्या घरातला एखादा सण किंवा पदार्थ सांगायचा. एकाच वर्गात छठपूजा, ओणम, ईदचा शीरखुर्मा आणि सासवडकडची जत्रा अशी सगळी यादी निघायची. आजचं पुणं म्हणजे हेच आहे. हडपसर, वारजे, धायरी, कुठल्याही शाळेच्या वर्गात जाऊन बघा.

आता तुम्ही काय करावं ते सांगते. तुमच्या मुलाशी आधी मोकळं बोला, आणि त्याने जे पाहिलं ते खरं मानून बोला. बिहारच्या मुलाला रडवतात हे त्याला टोचतंय, याचा तुम्हाला अभिमान वाटतो हे त्याला कळू द्या. मग एक गोष्ट त्याच्यासमोर ठेवा. इतरांनी आपला शब्द मोडला म्हणून आपण शब्द देऊ नये का? प्रतिज्ञा 'सगळे सौजन्याने वागतात' असं म्हणत नाही, 'मी वागेन' म्हणते. ती म्हणून तो खोटं बोलणार नाही, उलट त्या मुलाच्या बाजूने उभं राहायचं वचन देईल. हे त्याला पटलं तर उत्तम. नाही पटलं तर दबाव आणू नका, बाबांनीही नको. त्याला एवढंच सांगा की उभं राहताना सावधान राहायचं, हसायचं-बोलायचं नाही, आणि प्रतिज्ञा पाठ मात्र असली पाहिजे. जी गोष्ट आपण म्हणत नाही ती आपल्याला नीट माहीत तरी असावी.

मग वर्गशिक्षिकांना भेटा. तक्रारीच्या सुराने जाऊ नका. बऱ्याचदा शिक्षकांवरही वरून दडपण असतं. केंद्रप्रमुख किंवा विस्तार अधिकारी भेटीला आले आणि रांगेत एक मुलगा गप्प दिसला तर जाब त्यांनाच द्यावा लागतो. त्यांना मुलाचं कारण सांगा. माझी खात्री आहे की बहुतेक बाईंना ते ऐकल्यावर वेगळं वाटेल, कारण डायरीत शेरा लिहिताना त्यांना ते माहीतच नव्हतं. तिथे मिटलं नाही तर मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या, पोच घ्या. अर्जात चारच गोष्टी असाव्यात. मुलगा आदराने उभा राहतो आणि राहील. कुणाला व्यत्यय आणणार नाही. प्रतिज्ञेचा अर्थ आणि पाठांतर याची जबाबदारी आम्ही घेतो. म्हणण्याची सक्ती आणि माइकवरची शिक्षा थांबवावी. १९८६ च्या निकालाचा उल्लेख एका ओळीत करा, धमकी म्हणून नको. शाळा अनुदानित असेल तर शाळा व्यवस्थापन समितीत आणि विनाअनुदानित असेल तर पालक-शिक्षक संघात विषय मांडता येतो. त्यानंतरची पायरी शिक्षणाधिकाऱ्यांची. तिथवर जावं लागेल असं मला वाटत नाही.

आणि त्याच अर्जात, किंवा वेगळ्या अर्जात, मधल्या सुट्टीत त्या मुलाला चिडवलं जातं त्याबद्दल शाळेने काय करायचं ठरवलंय हेही विचारा. तुमच्या मुलाचं गप्प राहणं शाळेने डायरीत नोंदवलं, त्या मुलाचं रडणं कुठेच नोंदवलेलं नाही. जमलं तर त्याच्या आईवडिलांना आधी भेटा. नवीन गावात, नवीन भाषेत शाळेविरुद्ध काही बोलायला त्यांना धीर होत नसेल. अर्जावर दोन घरांच्या सह्या असल्या तर मुख्याध्यापकांनाही तो बाजूला ठेवणं अवघड जाईल.